लढाऊ आरसी बिस्मार्क: फायबरग्लास हलचा किट

लढाऊ आरसी म्हणजे रेडिओने चालवलेल्या छोट्या युद्धनौकांनी एकमेकींवर गोळ्या झाडून बुडवण्याचा खेळ; हा किट त्यासाठीचा. मूळ बिस्मार्क ही जर्मन युद्धनौका २५१ मीटरची, म्हणजे १:१४४ मापात हल (बोटीचं बाहेरचं कवच) सुमारे १७४ सेंटीमीटर लांब. साचा सुबक आहे, फायबरग्लासही सगळीकडे सारख्याच जाडीचा. पण बाजूच्या खिडक्यांच्या, म्हणजे गोळ्या आत शिराव्यात म्हणून हलमध्ये कापायच्या मोकळ्या जागांच्या, खुणा दिलेल्या नाहीत, ही मोठी उणीव. आधी डेकची चौकट इपॉक्सीने पक्की बसवा, मगच खिडक्या कापा. उलटं केलंत तर हल पिळवटतो आणि पुन्हा सरळ होत नाही. कापताना मास्क हवाच.

खिडक्यांवर ०.८ मिमी जाडीचा बाल्सा (हलकं, मऊ लाकूड) चढतो. ४.५ मिमीची पोलादी गोळी त्यातून आरपार गेली पाहिजे, म्हणून रंगाचे थर पातळच ठेवा.

शिरलेलं पाणी बाहेर फेकणारा किटमधला पंप जोरकस आहे, पण त्याची जागा चुकली आहे. तो सर्वात खोल भागात हवा. दोन्ही बाजूंना फोमचे ठोकळे चिकटवून मधोमध पाण्याला चर ठेवा, नाहीतर आत आलेलं पाणी एका कुशीला धावतं आणि बोट कलंडते. पंपाच्या तोंडाला जाळी लावाच; गोळीने उडालेली बाल्साची एक कपची पंख्यात अडकली की पंप ठप्प. रेडिओचे संदेश पकडणारा रिसीव्हर मात्र डेकखाली, जमेल तितका उंच.

किट हलसाठी घ्या. तोफा आणि त्या डागणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा दाब आवरणारा रेग्युलेटर वेगळे घ्यावे लागतील.