बाक असलेलं लिंग नेमकं मोजायचं कसं: पट्टी, दोरा की कोनमापक?

पट्टी लावली की एक आकडा येतो, टेप लावली की दुसरा, आणि मग खरा कोणता हे कळत नाही. या गोंधळात मी स्वतः बरेच दिवस काढले आहेत, म्हणून आधी हे सांगतो की दोन्ही आकडे खरे असतात. पट्टी बुडापासून टोकापर्यंतचं सरळ अंतर मोजते, टेप वळणावरून जाणारी लांबी मोजते. आकडा कशासाठी हवा आहे ते ठरलं की साधन आपोआप ठरतं.

सरासरीशी तुलना करायची असेल तर पट्टी घ्या. २०१५ साली ‘बीजेयू इंटरनॅशनल’ या वैद्यकीय नियतकालिकात १५,५२१ पुरुषांच्या मोजमापांचा एकत्रित अभ्यास आला होता. त्यात ताठ अवस्थेतली सरासरी लांबी १३.१२ सेंमी आणि घेर ११.६६ सेंमी निघाला. ही मापं आरोग्य-व्यावसायिकांनी घेतली होती, पुरुषांनी स्वतः सांगितलेली नव्हती. पट्टी वरच्या बाजूनं ठेवायची, पोटाच्या खालच्या हाडाला टेकेपर्यंत आत दाबायची आणि टोकापर्यंत वाचायची. हाडावरची चरबी वजनाबरोबर कमी-जास्त होते, त्यामुळे न दाबता घेतलेलं माप भरवशाचं नसतं.

पण बाक मोठा असेल तर पट्टी अन्याय करते. समजा, वळणावरून लांबी १४ सेंमी आहे आणि बाक ६०° आहे. हा बाक धनुष्यासारखा सलग असेल तर पट्टी साधारण १३.४ सेंमी दाखवेल. तोच बाक मध्यावर एकाच जागी, कोपर दुमडावं तसा असेल, तर १२.१. लांबी तीच, कोन तोच, तरी सव्वा सेंटीमीटरचा फरक! अशा वेळी पट्टीचा आकडा पाहून कोणी खचून जाऊ नये.

खरी लांबी हवी असेल तर शिंप्याची मऊ टेप किंवा दोरा. मला दोरा जास्त आवडतो, कारण टेपची पट्टी वळणावर एका कडेनं उचलली जाते. न ताणला जाणारा सुती दोरा घ्या, एक टोक बुडाशी बोटानं दाबून धरा, दोरा त्वचेवर अलगद टेकवत न्या, टोकाशी आला की नखाच्या चिमटीत पकडा आणि मग पट्टीवर सरळ धरून मोजा.

सगळ्यात मोठी चूक होते ती दोरा कुठून न्यायचा यात. वळणाची बाहेरची बाजू लांब असते, आतली आखूड. घेर ११.६६ सेंमी म्हणजे जाडी सुमारे ३.७ सेंमी, त्यात ६०° चा बाक असेल तर दोन्ही बाजूंतला फरक जवळजवळ ४ सेंमी भरतो. म्हणजे लिंग वर वळत असेल आणि दोरा वरून नेला, तर मधल्या रेषेपेक्षा सुमारे २ सेंमी कमी येतील. खाली वळत असेल तर तेवढेच जास्त. म्हणून बाक वर-खाली असेल तर दोरा कुशीवरून, बाजूच्या मधोमध न्या. बाक डावीकडे-उजवीकडे असेल तर वरच्या बाजूचा मध्य बरोबर आहे.

घेराला बाकाची फारशी अडचण येत नाही. कंडोमचा साइझ निवडताना लांबीपेक्षा घेरच जास्त कामाचा.

आता कोन. डॉक्टरांकडे जायचा विचार असेल तर माझ्या मते लांबीपेक्षा हा आकडा महत्त्वाचा आहे. पूर्ण ताठ अवस्थेत दोन फोटो काढा, एक वरून आणि एक बाजूनं. बाजूच्या फोटोत कॅमेरा लिंगाच्या पातळीत, वरच्या फोटोत बरोबर वर हवा. तिरका धरला तर बाक आहे त्यापेक्षा कमी-जास्त दिसतो. फोटोवर बुडाकडच्या सरळ भागातून एक रेष पुढे वाढवा, टोकाकडच्या भागातून दुसरी काढा आणि दोन्हींमधला कोन कोनमापकानं मोजा. सरळ रेषेपासून किती वळलं ते मोजायचं आहे. १५०° आला तर दुसऱ्या बाजूचा कोन वाचला गेलाय, बाक ३०° आहे. आणि हे फोटो फोनमधून आपोआप कुठे अपलोड होत नाहीत ना, ते आधी तपासा.

दवाखान्यात याहून अचूक पद्धत असते: इंजेक्शननं ताठरता आणून कोनमापकानं मोजणी. ती घरी करायची गोष्ट नाही. तिथे लांबीसाठी शिथिल लिंग दुखणार नाही अशा बेतानं पूर्ण ताणून हाडापासून टोकापर्यंत मोजतात. हे माप पुन्हा घेता येतं, पण त्यात बाक कळत नाही.

जन्मापासूनचा बाक असेल, दुखत नसेल आणि संबंधात अडचण नसेल तर एकदा मोजून सोडून द्या. बाक नव्यानं आला असेल, वाढत असेल, ताठ होताना दुखत असेल किंवा त्वचेखाली कडक गाठ लागत असेल, तर तो पेरोनीचा आजार असू शकतो. यात लिंगाच्या आतल्या पांढऱ्या आवरणात व्रणासारखी कडक ऊती तयार होते. या गाठीत देण्याचं कोलॅजिनेज (ही कडक ऊती तोडणारं औषध) इंजेक्शन अमेरिकेत २०१३ साली मंजूर झालं, तेही उपचार सुरू करताना किमान ३०° बाक असलेल्यांसाठीच. कोन नोंदवून ठेवायचा तो यासाठी. यूरोलॉजिस्टकडे जाताना दोन्ही फोटो, ते काढल्याची तारीख आणि दुखणं कधी सुरू झालं एवढं लिहून न्या.