जुनं लायसन्सचं सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर: नव्यानं बसवावं, डिस्क उचलावी, की जुनं मशीन जपावं?

नवा कॉम्प्युटर ऑफिसात यायच्या आधी जुन्यासमोर अर्धा तास बसा. जुना सुरू होतोय तोवरच हे जमतं. म्हापशात, फोंड्यात, मडगावात कितीतरी छापखाने, हिशेबाची ऑफिसं, पतसंस्था आणि देवस्थानांच्या कचेऱ्या दहा-पंधरा वर्षांपूर्वी घेतलेल्या सॉफ्टवेअरवरच चालतात. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि जुनी मशीन्स विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, म्हणून हा निर्णय आता पुढं ढकलता येत नाही.

त्या अर्ध्या तासात लायसन्सचं कुलूप कुठं आहे ते शोधायचं. काही सॉफ्टवेअरला नुसता सिरियल नंबर पुरतो, पानं मांडायचं पेजमेकर ७ त्यातलं. काही इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला विचारून मगच उघडतात, टॅली तसं. काही मदरबोर्ड, हार्ड डिस्क, नेटवर्क कार्ड यांच्या नंबरांवरून मशीनची ओळख तयार करतात आणि दुसऱ्या मशीनवर चालायला नकार देतात. आणि काहींना मागं डोंगल, म्हणजे पोर्टात खोचायची लायसन्सची छोटी किल्ली, लागतं; श्रीलिपी हे फॉन्टांचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या छापखान्यांना हे वेगळं सांगायला नको. खुद्द विंडोजचं लायसन्स बघायचं तर विंडोजचं बटण आणि आर दाबून आलेल्या चौकटीत एस एल एम जी आर ही अक्षरं सलग, मग एक मोकळी जागा, तिरकी रेघ (/) आणि डी एल आय टाइप करा. उत्तरात ओईएम (कॉम्प्युटरबरोबरच आलेलं) दिसलं तर ते विंडोज त्याच मशीनचं, ते हलवायचा हक्क तुम्हाला नाही. रिटेल (वेगळं विकत घेतलेलं) दिसलं तर जुन्यावरून काढून नव्यावर घालता येतं. एमएस ऑफिसलाही हाच भेद लागू आहे: कॉम्प्युटरबरोबर आलेलं त्याच मशीनचं, डब्यातून वेगळं विकत घेतलेलं सहसा हलवता येतं.

हे कळलं की पुढचे पर्याय ताडून बघता येतात.

नव्यानं बसवणं

जमत असेल तर हेच करा. जुना कचरा सोबत येत नाही आणि अडलं तर कंपनी मदत करते. नव्या मशीनवर हात टाकण्याआधी सिरियल नंबर, सेटअपची फाइल किंवा सीडी, आणि डेटाच्या दोन प्रती एवढं हाताशी हवं. सीडी आधी उजेडात धरून बघा. आपल्या दमट हवेत बुरशीची जाळी चढलेल्या सीड्या सर्रास सापडतात आणि सेटअप निम्म्यावर अडकतं. वाचता येत असेल तर आजच तिची प्रत पेनड्राइव्हवर काढा.

टॅलीचा क्रम चुकला की त्रास होतो. आधी डेटा फोल्डरची प्रत घ्या. नुसत्या आकड्यांचं नाव असलेला प्रत्येक फोल्डर म्हणजे एक कंपनी, म्हणून त्यातल्या सुट्या फाइली न उचलता पूर्ण फोल्डरच उचला. प्रत दुसऱ्या ठिकाणी उघडून शिल्लक जुळते का बघा. मग जुन्या मशीनवर इंटरनेट चालू ठेवून लायसन्स सरेंडर करा, म्हणजे टॅलीकडे परत सोडा, आणि त्यानंतर नव्यावर ॲक्टिव्हेट करा. गाडी हमखास अडते ती नोंदवलेल्या ईमेलपाशी: तो सोडून गेलेल्या अकाउंटंटचा असतो आणि अनलॉक की त्याच पत्त्यावर जाते. सरेंडर करून बसलात आणि की मिळेना, तर टॅली एज्युकेशनल मोडमध्ये जाते आणि मोजक्याच तारखांना नोंद घेते. ईमेल आधी बदलून घ्या.

दुसरी अडचण सोळा बिटची, म्हणजे फार जुन्या काळच्या प्रोग्रामांची. विंडोज ११ फक्त चौसष्ट बिटमध्ये येतं आणि त्यावर सोळा बिटचा प्रोग्राम चालत नाही. डॉसवर फॉक्सप्रो या डेटाबेसमध्ये केलेली हिशेबाची पॅकेजेस इथंच थांबतात. व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ बत्तीस बिटचं, ते चालतं. कधी प्रोग्राम बत्तीस बिटचा असतो पण त्याचं सेटअपच सोळा बिटचं निघतं, म्हणून नवा कॉम्प्युटर विकत घेण्याआधी ओळखीच्या एखाद्या विंडोज ११ वर सेटअप उघडून बघा. बसल्यावर सेटिंग जतन होत नसेल, तर प्रोग्राम फाइल्समध्ये न टाकता सी ड्राइव्हवर स्वतःचा फोल्डर करून त्यात बसवा. जुने प्रोग्राम आपल्याच फोल्डरात लिहायला जातात आणि प्रोग्राम फाइल्समध्ये विंडोज त्यांना अडवतं.

आणि सर्व्हरच बंद झाला असेल तर? ॲडोबीनं फोटोशॉप-इनडिझाइनच्या सीएस२ या संचाचे ॲक्टिव्हेशन सर्व्हर केव्हाच बंद केले. खरा सिरियल नंबर आणि खरं बिल असूनही जुनी सीडी बसवून काम होत नाही. असं सॉफ्टवेअर जुन्या मशीनवर आज चालत असेल, तर ते मशीन फॉरमॅट करू नका.

अख्खी डिस्क उचलून नव्यात घालणं

दुरुस्तीवाले हे पटकन सुचवतात, कारण दुकानात तासाभरात होतं. त्याच मशीनमधली म्हातारी हार्ड डिस्क बदलून एसएसडी घालायची असेल तर याहून चांगला उपाय नाही. बाकी सगळं तेच राहतं, त्यामुळं बहुतेक लायसन्सं टिकतात. फक्त डिस्कच्या कारखान्यातल्या नंबरावर बांधलेलं सॉफ्टवेअर पुन्हा ॲक्टिव्हेशन मागेल.

मशीनच नवं असेल तर मात्र या वाटेला जाऊ नका. विंडोज ७ मध्ये यूएसबी ३ आणि एनव्हीएमई (नव्या जातीच्या एसएसडी) यांचे ड्रायव्हर मुळात नसतात. स्क्रीन उजळला तरी कीबोर्ड-माउस मेलेले, म्हणजे ड्रायव्हर घालायलाही वाव नाही. अनेक नव्या मदरबोर्डांवर जुन्या पद्धतीनं बूट होण्याची सोयच काढून टाकली आहे. विंडोज १० ची डिस्क एखादवेळी उठते, पण ओईएम लायसन्स नव्या बोर्डावर वैध राहत नाही आणि मशीनला बांधलेलं सॉफ्टवेअरही अडून बसतं.

व्हर्च्युअल मशीन

नव्या कॉम्प्युटरच्या पोटात जुनी विंडोज खिडकीत चालवायची. व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहे, आणि व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४ पासून ऑफिसच्या कामालाही फुकट झालं. विंडोज एक्सपीला १ जीबी रॅम भरपूर, विंडोज ७ ला ४ जीबी द्या. नव्या मशीनमध्ये एकूण १६ जीबी असली की दोन्ही सुखानं चालतात. जुन्या विंडोज ७ किंवा १० ची चालू स्थितीत प्रत काढायला मायक्रोसॉफ्टचं डिस्कटूव्हीएचडी आहे. प्रतीची फाइल जुन्या डिस्कवरच न ठेवता बाहेरच्या डिस्कवर लिहा.

हा मार्ग जुन्या विंडोजची गरज भागवतो, लायसन्सचं कुलूप उघडत नाही. व्हर्च्युअल मशीनचं हार्डवेअर सॉफ्टवेअरला नवंच दिसतं, त्यामुळं मशीनला बांधलेलं लायसन्स परत ॲक्टिव्हेशन मागतं, आणि आत चालणाऱ्या विंडोजचंही हलवता येणारं लायसन्स लागतं. सोळा बिटच्या आणि यूएसबी डोंगलच्या सॉफ्टवेअरला मात्र हा उत्तम. डोंगल आतल्या मशीनला जोडून देता येतं, पण विंडोजबरोबर येणाऱ्या हायपर-व्हीत ही सोय नाही. आतल्या एक्सपीला इंटरनेट देऊ नका. तिचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपला आहे. फाइली शेअर्ड फोल्डरमधून न्या-आणा.

डोंगलचं वेगळं

पंचवीस पिनांचं, प्रिंटरच्या पोर्टात बसणारं डोंगल असेल तर यूएसबी कन्व्हर्टरवर पैसे घालवू नका. त्या वायरीतून प्रिंटर चालतो, डोंगल नाही. डोंगलचा ड्रायव्हर पोर्टाच्या ठरलेल्या पत्त्यावर शोधतो आणि कन्व्हर्टरला तो पत्ताच नसतो. पीसीआय एक्सप्रेसचं पॅरलल कार्ड काही ठिकाणी चालतं, पण त्याचा पत्ता वेगळा पडला की पुन्हा तेच. खात्रीचा रस्ता एकच: जुनं डोंगल परत देऊन कंपनीकडून यूएसबी डोंगल बदलून घेणं. ते डोंगल लावण्याआधी ड्रायव्हर बसवा. जुना ड्रायव्हर विंडोज ११ च्या मेमरी इंटिग्रिटी या संरक्षणाशी बऱ्याचदा जमत नाही, म्हणून ते संरक्षण बंद करण्यापेक्षा नवा ड्रायव्हर मागा. डोंगल हरवलं तर बहुतेक कंपन्या नव्या लायसन्सचे पैसे लावतात, तेव्हा ते टपालानं पाठवताना पावती आणि फोटो ठेवा.

नवी आवृत्ती घेणं

पैसा इथं सगळ्यात जास्त लागतो, आणि किमतीआधी जुन्या फाइलींचा विचार करा. पेजमेकरच्या फाइली उघडणारं शेवटचं इनडिझाइन (ॲडोबीचं पेजमेकरच्या जागी आलेलं सॉफ्टवेअर) म्हणजे सीएस६, त्यानंतरच्या आवृत्त्या त्या ओळखत नाहीत. युनिकोडआधीच्या (श्रीलिपीसारख्या) फॉन्टातला मजकूर नव्या मशीनवर तो फॉन्ट नसेल तर निव्वळ अगम्य अक्षरं दाखवतो. दहा वर्षांच्या लग्नपत्रिका आणि जत्रेची पत्रकं अशा फाइलींत असतील, तर जुनं मशीन सुरू असतानाच सगळ्याच्या पीडीएफ काढून ठेवा. हे काम चवथीच्या घाईत होत नाही, पावसाळ्याच्या सुरुवातीला घ्या.

जुनं मशीन ठेवणं

सर्व्हर बंद, कंपनी बंद, कुलूप मशीनलाच, असं असेल तर हाच पर्याय उरतो. नेटवर्कची वायर काढा, डिस्कची पूर्ण प्रत घ्या आणि मशीन फक्त त्या एका कामाला ठेवा. गोव्यात किनाऱ्याजवळ खारी हवा रॅमच्या पट्ट्यांवर थर धरते. जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवलं तर आतला ओलावा निघतो. विजा कडाडायला लागल्या की प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मदरबोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदलून टाका. तो संपला की वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागं जातं, आणि तारीख मागं गेलेली दिसली की काही लायसन्सं फसवणूक समजून कायमची बंद होतात. बराच काळ बंद असलेलं मशीन लावलंत तर कोपऱ्यातली तारीख बघून मगच सॉफ्टवेअर उघडा.