उसाच्या प्लास्टिकच्या चिप्स: दहा महिने वापरल्यावर

गेल्या ऑगस्टपासून आमच्या पुण्यातल्या लॅबमध्ये यकृताच्या पेशींसाठीच्या चिप्स आम्ही पीएलएच्या, म्हणजे उसाच्या किंवा मक्याच्या साखरेपासून बनणाऱ्या पॉलिलॅक्टिक ॲसिडच्या, शीटमधून कापतोय. चिप म्हणजे बारीक चॅनेल असलेली छोटी पट्टी, तिच्यात जिवंत पेशी वाढवून औषधं तपासतात. त्याआधी चार वर्षं सगळं पीडीएमएस या सिलिकॉन रबरावर चालायचं. बदल केला तो पर्यावरणासाठी, असं तेव्हा मीच सगळ्यांना सांगत होतो. आज कारण विचारलं तर वेगळं सांगेन.

पीडीएमएसला नावं ठेवायची नाहीत. हार्वर्डची 2010 सालची गाजलेली फुफ्फुसाची चिप याच रबराची होती. काचेसारखं पारदर्शक, लवचीक, आणि त्यातून ऑक्सिजन आरपार जातो. पण दहा भाग द्रवाला एक भाग घट्ट करणारं रसायन मिसळा, व्हॅक्यूममध्ये बुडबुडे काढा, ओव्हनमध्ये ठेवा, प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) मारून काचेला चिकटवा, यात दिवस जातो. एकदा घट्ट झालेलं पीडीएमएस पुन्हा वितळत नाही, म्हणजे वापरलं की टाकायचं. शिवाय ते औषध पितं! ऱ्होडामिन बी हा गुलाबी रंग सोडून पाहा. तासाभराने चॅनेल धुतला तरी भिंती रंगपंचमी खेळून आल्यासारख्या गुलाबी. पाण्यात न रमणारं एखादं औषध तपासताना पेशींपर्यंत त्यातलं नेमकं किती पोचलं, हे मग सांगता येत नाही.

तीच चाचणी पीएलएवर केली. दोनदा धुतल्यावर चॅनेल जवळजवळ स्वच्छ. एडिनबर्गच्या हेरियट-वॉट विद्यापीठातल्या गटाने 2020 साली पीएलए कमी शोषतं आणि त्याची स्वतःची चमकही कमी असते असं दाखवलं होतं. आमच्या मायक्रोस्कोपखालीही तसंच दिसलं. लेझरने कापायचं, अल्कोहोलने पुसायचं, पन्नाशीच्या आसपासच्या तापमानाला दाबून जोडायचं. सकाळी काढलेलं डिझाइन दुपारी हातात येतं. मधे आम्ही ॲक्रिलिकही करून पाहिलं. एका नव्या विद्यार्थिनीने सवयीने लेझरने कापलेला तुकडा 70 टक्के अल्कोहोलने पुसला आणि कडेने कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पसरल्या. दोष तिचा नाही. कापताना आत राहिलेला ताण अल्कोहोल लागताच असा बाहेर येतो.

आता तक्रारी. पहिली उष्णतेची. पीएलए 55 ते 60 अंशांना मऊ पडतं, त्यामुळे ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र, विसरायचा. अल्कोहोल आणि यूव्हीवर भागवावं लागतं. मे महिन्यात एका दुपारी वीस चिप्सचा डबा स्कूटरच्या डिकीत ठेवून मी जेवायला गेलो. परत येऊन पाहतो तर वाळवणातल्या पापडांसारख्या कडा वर वळलेल्या. वीसच्या वीस वाया. पावसाळ्यात उघडी राहिलेली शीट ओलावा धरते आणि तापवताना बुडबुडे येतात, म्हणून आदल्या रात्री कोमट ओव्हनमध्ये वाळवून घ्यायची.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. पीएलएच्या भिंतीतून पीडीएमएससारखा ऑक्सिजन येत नाही. पहिल्याच खेपेला शुक्रवारी पंप बंद करून चिप्स इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या. सोमवारी गुलाबी मीडिया (पेशींचं पोषक द्रव) पिवळाजर्द, पेशी गोल होऊन सुटलेल्या. आता प्रवाह सतत चालू ठेवतो, रविवारीसुद्धा. कोण येणार यावरून भांडणं होतात ती वेगळी. ज्यांना पडदा ताणून श्वासासारखी हालचाल हवी आहे, त्यांनी पीएलएच्या वाटेला जाऊ नये. ते कडक आहे.

आणि कंपोस्ट? शीटच्या पाकिटावर हिरवं पान छापलेलं असतं. सप्टेंबरमध्ये दोन पट्ट्यांवर सुईने नंबर कोरून त्या आमच्या सोसायटीच्या खताच्या खड्ड्यात पुरल्या. मेमध्ये काढून नळाखाली धरल्या, नंबर स्वच्छ वाचता आला. पीएलए कुजायला साठेक अंशांचं औद्योगिक कंपोस्ट लागतं. तरी हा वाद आमच्या कामापुरता फुकटच, कारण 2016 च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे पेशी वाढवलेलं साहित्य पिवळ्या पिशवीत जातं. पिवळी पिशवी म्हणजे भट्टी. मक्याचं काय, उसाचं काय, तिथे सगळं जळतं.

जळणारा कार्बन जमिनीखालच्या तेलातला नसून शेतातला असतो, एवढा फरक मी मान्य करतो. पण उसाला पाणी किती लागतं हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. प्राज या पुण्याच्या कंपनीने जेजुरीला पीएलएचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभारलाय. आमची शीट मात्र अजून परदेशातूनच येते.

मार्चमध्ये एक दिवस आठवड्याची पिशवी बांधण्याआधी, चिप्स वापरलेल्या होत्या म्हणून दुहेरी हातमोजे घालून, मी आतला माल वेगवेगळा करून तोलला. चिप्स मूठभर. बाकी सिरिंज, ट्युबिंग, टिप्स, पिपेट. 2014 मध्ये जगभरच्या जैविक प्रयोगशाळांतून 55 लाख टन प्लास्टिक कचरा निघाला असा एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधकांचा अंदाज आहे. आमच्यासारख्या ठिकाणी तो कशाचा असतो ते त्या दिवशी कळलं. तेव्हापासून चिपची जाडी अर्ध्यावर आणली, आणि एका पंपावर एकाऐवजी चार चिप्स जोडतो. त्यामुळे ट्युबिंग बरंच कमी लागतं. चिप धरणारी चौकट ॲक्रिलिकचीच ठेवलीय. तिला पेशींचा स्पर्श होत नाही, साबणाच्या पाण्याने धुऊन तीच डिसेंबरपासून वापरतोय. फक्त अल्कोहोल लावायचं नाही, असं तिच्यावर लाल मार्करने लिहिलंय.