पहिला चांगला हेडफोन घेताना: तीन जोड्या आणि घरातली एक खोली

"मामा, दहा-बारा हजारांत चांगला हेडफोन सांग की. गेमला पण चालला पाहिजे आणि गाण्यांना पण."

माझा भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, शिकायला आमच्याकडेच सांगलीत विश्रामबागला राहतो. रात्री साडेनऊनंतर मित्रांबरोबर व्हॅलोरंट हा गोळीबाराचा ऑनलाइन गेम, आणि एरवी अभ्यास करताना कानात सतत गाणी. आजवर तीनशे रुपयांच्या इअरफोनवर त्याचं भागत होतं.

एखादं नाव सांगून मोकळं होता आलं असतं. पण पहिला चांगला हेडफोन चार-पाच वर्षं कानावर राहतो आणि आपला कान त्यावरच घडतो. म्हणून आम्ही तीन जोड्या गोळा केल्या. त्याच्या मित्राचा हायपरएक्स क्लाउड टू हा सरळसरळ गेमिंग हेडसेट. शेजारी लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे गृहस्थ राहतात, त्यांचा ऑडिओ-टेक्निका एम४०एक्स; हा बंद पाठीचा, म्हणजे स्टुडिओत वापरतात तसला. तिसरा माझा स्वतःचा सेनहायझर एचडी ५६०एस, खुल्या पाठीचा. पहिल्या दोघांच्या किमती सेलप्रमाणे दहा हजारांच्या अलीकडे-पलीकडे असतात, तिसऱ्याला त्याहून बरेच जास्त मोजावे लागतात. चार संध्याकाळी आलटूनपालटून तिन्ही लावून बघितले.

खुली पाठ आणि बंद पाठ हा फरक आधी समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बंद पाठीच्या हेडफोनमध्ये कानावरच्या वाटीला मागून प्लास्टिकचं झाकण असतं. आवाज आत कोंडलेला राहतो, बाहेरचा कमी येतो, आतला बाहेर फारसा जात नाही. खुल्या पाठीला मागे जाळी असते. हवा आरपार जाते, त्यामुळे आवाज कानाला चिकटल्यासारखा वाटत नाही, खोलीत आजूबाजूला वाजल्यासारखा वाटतो. पण पंख्याची घरघर, कुकरची शिट्टी सगळं आत येतं, आणि तुमचं गाणं शेजारी बसलेल्यालाही ऐकू जातं.

गाण्याची परीक्षा: तानपुरा

बायको गाणं शिकते, त्यामुळे मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून आणलेला तानपुरा घरात आहे. तिच्या रियाजाचं चांगल्या माइकवर केलेलं एक रेकॉर्डिंगही आहे. तीच आमची कसोटी. आधी खरा तानपुरा समोर बसून पाच मिनिटं ऐकायचा, मग तेच रेकॉर्डिंग एकेका हेडफोनवर.

तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुती दोरा असतो. तो केसभर इकडेतिकडे सरकवला की जवारी, म्हणजे तारेचा झणकारता गुंजारव, लागते किंवा जाते. जवारी नीट लागली असेल तर खर्जाच्या तारेतून कुणी न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो, स्वयंभू गंधार म्हणतात तो. मुख्य स्वराच्या पाठीमागे असलेले असे बारीक स्वर हेडफोन दाखवतो की दाबून टाकतो, हे एका तानपुऱ्यावर कळतं. पंधरा गाणी बदलून बघण्याची गरज पडत नाही.

क्लाउड टूवर खर्ज भरदार आला. पहिल्यांदा ऐकताना छान वाटतं. पण गंधार शोधावा लागला, आणि चार तारा सुट्या न राहता एकच घुमारा झाल्यासारखं वाटलं. एम४०एक्सवर गंधार स्वच्छ, तारा सुट्या, खर्जही बेताचा. फक्त तानपुरा आपल्या डोक्यात वाजतोय असं वाटतं, समोर ठेवलेला वाटत नाही. ५६०एसवर मात्र बायकोनं दोन मिनिटं ऐकून सांगितलं, "पंचमाची तार किंचित उतरली होती त्या दिवशी." बाकी दोन्हींवर तिला ते जाणवलं नव्हतं. माझ्या दृष्टीनं गाण्याचा निकाल तिथेच लागला.

याचा अर्थ क्लाउड टू वाईट, असा नाही. सिनेमाची गाणी, रॅप, ढोल-ताशा यांवर त्याचा भरीव आवाज आवडणारी माणसं पुष्कळ आहेत, आणि आवड चुकीची नसते. पण शास्त्रीय, नाट्यसंगीत, भावगीत किंवा नुसती गिटार आणि आवाज अशी गाणी ऐकणाऱ्यानं गेमिंग हेडसेटमध्ये अडकू नये.

खुल्या पाठीच्या वर्गात बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो हे नाव तुम्हाला हमखास सुचवलं जाईल. दणकट आहे, मखमली पॅड आहेत, पण त्याची वरची पट्टी, म्हणजे बारीक, चिरके आवाज, फार टोकदार आहे. किराणा घराण्याचे गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले. त्यांच्या त्या काळच्या तबकड्या ऐकायला घेतल्या की डीटी ९९० वर सुईची खरखर गळ्याच्या पुढे येऊन बसते. जुनी ध्वनिमुद्रणं ऐकणाऱ्यानं तो टाळावा. शिवाय त्याचा २५० ओहमचा प्रकार घेतला (ओहमचा आकडा मोठा तसा हेडफोन वाजवायला साधारण जास्त जोर लागतो) तर मोबाइलवर आवाज कमी पडतो, आवाज वाढवणारा वेगळा अँप लागतो. ५६०एस १२० ओहमचा आहे आणि साध्या लॅपटॉपवर पुरेसा वाजतो. एम४०एक्स ३५ ओहमचा, त्याला कुठेच अडचण येत नाही.

गेमची परीक्षा: पावलं

व्हॅलोरंटमध्ये कस्टम मॅच लावली. मित्र नकाशावर फिरणार, भाचा डोळे मिटून बोटानं दिशा दाखवणार, मी स्क्रीनवर बघून बरोबर-चूक लिहिणार. प्रत्येक हेडफोनवर वीस वेळा.

डावी-उजवी बाजू कुणीच चुकवली नाही. ते तीनशेच्या इअरफोनलाही जमतं. गोची होते समोर आणि मागे यांत. खरा आवाज कानाच्या पाळीवरून वळून आत येतो, त्या वळणावरून मेंदू पुढचं-मागचं ठरवतो. गेममध्ये हेच गणितानं करतात, सेटिंगमध्ये त्याला एचआरटीएफ असं नाव आहे. व्हॅलोरंटमध्ये ते आहे, काउंटर-स्ट्राइकमध्येही आहे. ते चालू करा आणि कुठलाही साधा स्टीरिओ हेडफोन लावा, काम होतं.

आता क्लाउड टूबरोबर येणाऱ्या यूएसबी साउंड कार्डावरचं ७.१ चं बटण, म्हणजे भोवती सात स्पीकर आणि एक खर्जाचा स्पीकर असल्याचा भास देणारं. हेडसेटच्या प्रत्येक वाटीत एकच ५३ मिलिमीटरचा ड्रायव्हर, म्हणजे छोटा स्पीकर, आहे, म्हणजे दोन कानांना दोन. सात स्पीकर त्यात कुठेच नाहीत. ७.१ ही निव्वळ सॉफ्टवेअरची प्रक्रिया आहे. गेमनं आधीच एक प्रक्रिया केलेल्या आवाजावर ही दुसरी चढली की सगळं धूसर होतं. आमच्या वहीत ७.१ चालू असताना समोर-मागेच्या चुका सर्वांत जास्त निघाल्या. बंद केल्यावर तोच हेडसेट चांगला सुधारला. खोक्यावरच्या ७.१ साठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

खुल्या पाठीचा इथेही पुढे राहिला. भाचा म्हणाला, "ह्याच्यावर लांबचं पाऊल लांबच वाटतंय, बाकीच्यांवर नुसतं बारीक वाटतंय." एम४०एक्स त्याच्या मागोमाग, फार अंतर नाही. खर्ज फुगवलेल्या हेडफोनवर एक अडचण कायम राहते: स्फोटाचा जाड आवाज पावलाचा बारीक आवाज झाकून टाकतो. खर्ज जास्त असला की गेम थरारक वाटतो, आणि मागून आलेला माणूस नेमका त्याच वेळी सुटतो.

माइक, आणि डोक्यावरचा पंखा

इथे गेमिंग हेडसेटची बाजू भक्कम आहे आणि ती नीट मांडली पाहिजे. एप्रिल-मेमध्ये सांगलीत पंखा बंद करून बसणं शक्य नाही. हेडसेटचा माइक ओठांपासून दोन बोटांवर असतो, त्यामुळे बोलणं मोठं जातं आणि पंखा लहान. एम४०एक्स किंवा ५६०एसला माइकच नसतो. वेगळा घ्यावा लागतो, आणि बहुतेक मुलं बोयाचा बीवाय-एम१ घेतात, सहा मीटर वायरचा कॉलरला लावायचा माइक. तो चारी बाजूंचा आवाज घेतो. आम्ही कॉलरला लावून बघितला तर मित्रांना पंख्याचा सूं-सूं ऐकू जात होता. तोच माइक हेडफोनच्या वायरला गालाजवळ क्लिप करून, त्याला स्पंजची टोपी घालून बघितलं, तेव्हा तक्रार थांबली.

आणखी एक गोष्ट, जी पार्सल फोडल्यावरच लक्षात येते. हल्लीच्या लॅपटॉपला हेडफोन आणि माइक मिळून एकच जॅक असतो. वेगळा हेडफोन आणि वेगळा माइक लावायचा तर एकातून दोन फाटे फुटणारी छोटी वायर लागते. तीही सोबतच मागवा. डेस्कटॉपला हिरवा आणि गुलाबी असे दोन जॅक असतात, पण बोयाची पिन मोबाइलसारखी चार पट्ट्यांची आहे, त्यामुळे गुलाबीत खुपसण्याआधी तिला तीन पट्ट्यांचा अडॅप्टर जोडावा लागू शकतो.

ब्लूटूथचं थोडक्यात सांगतो. नेहमीच्या ब्लूटूथवर आवाज साधारण १५० ते २५० मिलिसेकंद उशिरा पोचतो; गोळी आधी दिसते, मग ऐकू येते. आणि माइक चालू केला की हेडफोन फोनकॉलच्या पद्धतीवर जातो, गाण्याची पार रया जाते. वायर नकोच असेल तर यूएसबी डोंगलवर २.४ गिगाहर्ट्झनं चालणारा घ्या, तो गेमला पुरेसा वेगवान असतो. पण त्याच पैशात वायरवाला जास्त चांगला वाजतो आणि त्याची बॅटरी म्हातारी होत नाही. पहिल्या खरेदीला मी वायरच म्हणेन.

वायर, पॅड आणि घाम

माझा पहिला महागातला हेडफोन चौदाव्या महिन्यात एका कानानं बंद पडला. वायर पिनपाशी आतून तुटली होती, वॉरंटी बारा महिन्यांची, आणि वायर वाटीतच कायमची जोडलेली. दुरुस्तीला इतके सांगितले की तो अजून माळ्यावर आहे. तेव्हापासून वायर सुटी होते का, हे मी आवाजाच्याही आधी बघतो. एम४०एक्सची होते, त्याच्याबरोबर एक सरळ आणि एक स्प्रिंगसारखी अशा दोन वायरी येतात. ५६०एसचीही होते. क्लाउड टूचा माइक निघतो, वायर निघत नाही. सोनीचा एमडीआर-७५०६ १९९१ पासून जवळजवळ जसाच्या तसा विकला जातोय आणि आजही उत्तम आहे, पण त्याची वायर पक्की जोडलेली म्हणून मी तो यादीतून काढला.

पॅडचं म्हणाल तर रेक्झिनसारखे पॅड आपल्या हवेत दोन-तीन वर्षांत पापुद्रे सोडतात आणि त्याआधी तासाभरात कान भिजवतात. एम४०एक्सचा हाच मोठा दोष. क्लाउड टूच्या खोक्यात कापडी पॅडची जादा जोडी असते, ती पहिल्या दिवशीच चढवावी. ५६०एसचे मुळातच मखमली, वजन २४० ग्रॅम. तीन तासांनी काढला तरी कान कोरडे. सुरुवातीला डोक्यावर घट्ट बसतो, महिनाभरात सैलावतो.

चष्मा असलेल्यांनी बंद पाठीचा घेताना जपून. काडीमुळे पॅड कानाभोवती पूर्ण टेकत नाही, फट राहते आणि खर्ज त्या फटीतून निघून जातो. मी चष्मा लावून आणि काढून एकच गाणं ऐकलं, एम४०एक्सवर तबल्याचा डग्गा अर्धा झाला. खुल्या पाठीवर एवढा फरक पडला नाही.

मग घ्यायचा कुठला

नुसत्या आवाजावर विचाराल तर ५६०एस. गेममध्येही आणि गाण्यातही. तरीही भाच्याला मी तो घे म्हणालो नाही.

त्याची खोली त्याची एकट्याची नाही. दोन हातांवर माझी मुलगी बारावीचा अभ्यास करत बसते. पहिल्या संध्याकाळी ५६०एसवर त्याचा गेम सुरू झाला आणि दहा मिनिटांत ती म्हणाली, "दादा, मला गोळ्या मोजता येतायत." शिवाय भिंतीपलीकडे हॉल आहे आणि आईची मालिका साडेदहापर्यंत चालते. खुल्या पाठीत तो आवाज आत येतो, मग मुलगा हेडफोनचा आवाज वाढवतो, आणि धोका तिथे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं मोठ्या माणसाला ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं, ९० डेसिबल फक्त ४ तास. दहा डेसिबल तर बटण दाबता दाबता सहज वाढतात. विशीतल्या मुलाच्या कानाचा प्रश्न असताना शांत खोली नसेल तर बंद पाठीचाच घ्यावा, आवाजात दोन गुण कमी मिळाले तरी.

म्हणून त्यानं एम४०एक्स घेतला. थोरला भाऊ एम५०एक्स परवडत होता, पण त्यात खर्ज आणि वरची पट्टी दोन्ही उचललेली आहेत. एम४०एक्स जास्त सपाट आणि मला जास्त खरा वाटतो. वाचलेल्या पैशांत माइक, दोन फाट्यांची वायर आणि कापडी पॅडची जोडी आली.

तुमची खोली स्वतंत्र असेल, दार लागत असेल, रात्री दहानंतर घर झोपत असेल, तर बिनदिक्कत खुल्या पाठीचा घ्या. रोज चार तास मित्रांशी बोलतच खेळायचं असेल, गाणी प्रवासात मोबाइलवर होत असतील आणि वेगवेगळ्या वायरींचा कंटाळा असेल, तर क्लाउड टू योग्य आहे, ७.१ चं बटण बंद ठेवून.

पार्सल आलं की त्याच दिवशी डावा-उजवा तपासा, वायर पिनपाशी आणि वाटीपाशी हलवून खरखर येते का बघा, आणि परत करण्याची मुदत संपेपर्यंत खोकं टाकू नका. भाच्याचं खोकं अजून कपाटावर आहे.