दानबाँग ८ महिने वापरल्यानंतरचा अनुभव (हापकिडो)

नोकरीमुळे दक्षिण कोरियात सुवोनला राहतो, हापकिडोला (कोरियन युद्धकला) दीड वर्ष झालं आणि त्यातले शेवटचे ८ महिने दानबाँग करतोय. कोरियनमधे दान म्हणजे आखूड आणि बाँग म्हणजे काठी, साधारण ३० सेंमीचा लाकडी दांडका, जाडी अंगठ्यापेक्षा थोडी जास्त. मी मूळचा कोल्हापूरचा, लहानपणी तालमीत लाठी फिरवलेली, त्यामुळे पहिले दोन-तीन आठवडे हाही तसाच फिरवत होतो आणि क्वानजांगनिम (आमचे मुख्य गुरू) दरवेळी माझा हात धरून थांबवायचे, "दाशी", म्हणजे परत कर.

खरी गंमत पकडीत आहे. समोरच्याने मनगट धरलं की मुठीतला दांडका त्याच्या मनगटावर आडवा टाकायचा, पलीकडचं टोक दुसऱ्या हाताने धरायचं आणि खाली आपल्याकडे ओढायचं, बस. अंगठ्याच्या बाजूचं हाड असतं ना, मनगटाच्या दोन बोटं वर, तिथे मांस जवळपास नाहीच, त्यावर लाकूड बरोब्बर बसलं की माझ्या दीडपट वजनाचा गडी सरळ गुडघ्यावर येतो. अर्धा इंच जरी इकडेतिकडे झालं तरी काहीच होत नाही, नुसती ओढाताण. हापकिडोचे जनक मानले जाणारे चोई योंग-सुल जपानहून परत आल्यावर दैगू शहरात जे शिकवायला लागले त्याचा जीवच मनगट पिळणं आणि सांधे अडकवणं, दांडक्याने तेच करायचं, फक्त बोटांऐवजी लाकूड.

बरेच जण याला प्राचीन कोरियन शस्त्र म्हणतात, मला नाही पटत. इथे सुवोनच्या ह्वासॉन्ग किल्ल्यातल्या राजवाड्यासमोर राजा जॉन्गजोच्या काळातल्या, १७९० साली नोंदवलेल्या २४ युद्धकलांचं प्रात्यक्षिक होतं, त्यात लांब काठी आहे, हा आखूड दांडका नाही.

वस्तूबद्दल सांगायचं तर ऑनलाइन घेतलेल्या पहिल्या दांडक्यावर इतकं गुळगुळीत वॉर्निश होतं की घाम आला की हातातून निसटायचा, एकदा सुटून जोडीदाराच्या गालाला लागला, फार वाईट वाटलं. मग पॉलिश पेपरने सगळं वॉर्निश काढलं तेव्हा कुठे नीट धरता यायला लागला. ग्रिप टेप मात्र लावू नका, पकड बदलताना दांडका मुठीत सरकायला हवा आणि टेपने तो अडकतो. फोमवाला फटके मारायच्या सरावाला ठीक, पकडींना बिनकामाचा कारण तो वाकतो. आणि जोडीदाराने थाप मारली (म्हणजे 'बस, सोड' अशी खूण केली) की त्याच क्षणी सोडा, हाडावरचा काळानिळा डाग आठ-आठ दिवस जात नाही.

या महिन्यापासून सांगदानबाँग, म्हणजे दोन्ही हातात एकेक. डावा हात अजून ऐकत नाहीये, रोज रात्री जेवण झालं की १५ मिनिटं तेवढंच करतोय.