व्हिसा मुलाखतीची तयारी करून घेणारा पुण्यातील वर्ग : एका पालकाचा अभिप्राय

अमेरिकेच्या एफ-१ विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतीची तयारी करून घेणारे वर्ग पुण्यात आता ठिकठिकाणी निघाले आहेत. त्यांपैकी डेक्कन भागातील एका वर्गात माझ्या मुलीने यंदा तयारी केली. तिला पर्यावरण अभियांत्रिकीच्या एम.एस.साठी प्रवेश मिळाला होता. वर्गाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण मला खटकलेल्या गोष्टी इतर वर्गांतही चालतात, असे तिच्या मैत्रिणींच्या पालकांकडून कळले.

संपूर्ण पॅकेजची फी १२,००० रुपये होती. त्यात डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरून देणे, कागदपत्रांची फाईल लावून देणे, छापील प्रश्नसंच आणि सराव मुलाखती यांचा समावेश होता. अर्जाचे १८५ डॉलर आणि सेव्हिसचे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी प्रणालीचे, ३५० डॉलर वेगळे भरावे लागतील, हे त्यांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले. व्यवहार चोख होता, पावती वेळेवर मिळाली आणि फोनला उत्तरही मिळत असे.

प्रश्नसंच मात्र निरुपयोगीच नव्हे, तर घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘हेच विद्यापीठ का?’ या प्रश्नाला त्यात तयार उत्तर दिले आहे, त्यात विद्यापीठाचे नाव तेवढे बदलायचे आणि बाकीचे, नामांकित प्राध्यापक, अद्ययावत प्रयोगशाळा, विविध संस्कृतींचा मिलाफ, सगळ्यांनी सारखेच म्हणायचे. मुंबईतील वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत खिडकीमागे बसलेला अधिकारी दिवसभर अशी उत्तरे ऐकत असतो. अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यातील कलम २१४(ब) नुसार, अर्जदार तिथे कायमचा राहायला निघाला आहे असे आधी गृहीत धरले जाते आणि ते तसे नाही हे अर्जदाराने पटवून द्यायचे असते. त्यासाठी हातात जेमतेम काही मिनिटे असतात. ती पाठांतरात गेली तर त्या मुलाविषयी अधिकाऱ्याला काहीच कळत नाही.

याउलट सराव मुलाखत हा या वर्गाचा खरोखर मोलाचा भाग आहे. त्यासाठी त्यांनी एका खोलीत काच बसवून मायक्रोफोन ठेवला आहे. विद्यार्थ्याने उभे राहायचे, पलीकडून येणारा आवाज थोडा अस्पष्ट असतो आणि मागच्या बाकावर इतर मुले बसलेली असतात. सराव घेणाऱ्या बाई मुलीचे पाठ केलेले उत्तर दुसऱ्याच वाक्याला थांबवत आणि शांतपणे विचारत, ‘तुमच्या प्रकल्पात तुम्ही स्वतः काय केले?’ माझ्या मुलीचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प इचलकरंजीतील कापड प्रक्रिया उद्योगांच्या रंगीत सांडपाण्यावर होता. आम्ही तिथलेच, त्यामुळे पंचगंगेचे पाणी तिने लहानपणापासून पाहिले आहे. नमुने कुठून घेतले, रंग काढताना कोणती पद्धत फसली आणि ज्या प्राध्यापकांकडे ती शिकायला निघाली आहे त्यांचे काम याच्याशी कसे जुळते, हे ती साध्या इंग्रजीत बोलू लागली, तेव्हा बाईंनी तिला अडवले नाही. पुढे ‘परत येऊन काय करणार?’ या प्रश्नाचे उत्तरही त्यातूनच निघाले. प्रत्यक्ष मुलाखतीत तिला याच अंगाने प्रश्न आले आणि व्हिसा मंजूर झाला. व्हिसा या वर्गामुळे मिळाला, असे म्हणणे अतिशयोक्ती होईल; परंतु आपल्या कामाविषयी न अडखळता बोलण्याची सवय तिला तिथेच लागली, हे निश्चित.

आता दोन गंभीर आक्षेप. डीएस-१६० अर्जात तो भरायला कोणी मदत केली का, असा थेट प्रश्न असतो. वर्गातील कर्मचाऱ्याने स्वतः अर्ज भरूनही तिथे ‘नाही’ असे लिहिले होते आणि गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या समाजमाध्यमांच्या रकान्यात मुलीचे एक जुने खाते गाळले होते. अर्जाखाली इलेक्ट्रॉनिक सही मुलीची असते आणि चुकीच्या माहितीची जबाबदारीही तिच्यावरच येते. आम्ही प्रत्येक पान वाचले म्हणून हे लक्षात आले आणि सबमिट करण्याआधी दुरुस्त करता आले.

दुसरा आक्षेप पैशांच्या कागदपत्रांविषयी आहे. आमचे बरेचसे उत्पन्न उसाचे आहे. शेती उत्पन्नावर आयकर नसल्याने केवळ विवरणपत्रातील आकडा पाहिला तर आमची ऐपत कमी दिसते. यावर वर्गाने सुचवले की, काही आठवड्यांसाठी खात्यात रक्कम ‘फिरवून’ शिल्लक दाखवता येईल. मी तत्काळ नकार दिला. व्हिसासाठी खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाले, तर त्याच स्थलांतर कायद्याच्या कलम २१२ खाली अमेरिकेचा दरवाजा कायमचा बंद होऊ शकतो. एकवीस-बावीस वर्षांच्या मुलीला अशा धोक्यात घालण्याचा कोणालाही अधिकार नाही. आम्ही सातबारा, कारखान्याची ऊस बिले, बँकेचे शैक्षणिक कर्ज मंजुरीपत्र आणि सनदी लेखापालांचे प्रमाणपत्र एकत्र लावले. पहिल्या वर्षाचा खर्च विद्यापीठाकडून व्हिसासाठी मिळणाऱ्या आय-२० या प्रमाणपत्रावर छापलेला असतोच. तो कोणत्या पैशातून भागेल हे मुलीला स्वतःला तोंडपाठ नव्हे, तर नीट समजलेले असावे, एवढी काळजी घेतली. खिडकीवर फाईल उघडायलाही सांगितली नाही, फक्त कर्ज किती आणि उरलेले कोण देणार, हे विचारले.

म्हणून माझी शिफारस मर्यादित आहे. या वर्गात सराव मुलाखत स्वतंत्रपणेही घेता येते, एका मुलाखतीचे १,५०० रुपये पडतात. तेवढीच घ्यावी आणि बाई स्वतः घेणार आहेत का, हे आधी विचारून घ्यावे, कारण त्यांच्या सहायकांच्या मुलाखती प्रश्नसंचाबाहेर जात नाहीत. व्हिसाच्या प्रक्रियेची प्राथमिक माहिती अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या एज्युकेशनयूएसए केंद्रांकडून विनामूल्य मिळते, त्यासाठी पैसे मोजू नयेत. डीएस-१६० मुलांनी घरी बसून स्वतः भरावा. वेळ लागतो, पण त्यातले एक एक उत्तर पुढे खिडकीवर त्यांच्यासमोर येणार असते.