शाळेचा संघ की फी भरून क्लब?

अमेरिकेत मुलाला व्यावसायिक बास्केटबॉलपर्यंत न्यायचं तर सरकारी शाळेचा संघ पुरेल, की एएयूच्या (अमेरिकेतल्या हौशी खेळांच्या संघटनेच्या) स्पर्धा खेळणारा क्लब हवाच, असं एका पालकांनी विचारलंय.

खर्चात शाळा कितीतरी स्वस्त. क्लबची फी दिसते, पण विमान, हॉटेल, आईवडिलांच्या खर्ची पडलेल्या रजा हा खरा भार. गरीब घरची गुणी मुलं इथेच गळतात, आणि ते मला फार खुपतं. बूट कंपन्या निवडक संघांचा खर्च उचलतात, पण तो सहसा आधीच नाव झालेल्या मुलांसाठी.

नजरेत भरण्यात क्लब सरस. उन्हाळी स्पर्धांत कॉलेजचे प्रशिक्षक एकाच ठिकाणी शेकडो खेळाडू पाहतात.

शिकण्यात मी शाळेला झुकतं माप देईन: हंगामात जवळपास रोजचा सराव. क्लबमध्ये सामनेच जास्त.

हलाखीत वाढलेला लेब्रॉन जेम्स २००३ मध्ये शाळेतून थेट एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये गेला. २००६ च्या ड्राफ्टपासून (लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात ती वार्षिक निवड) ती वाट बंद आहे, त्यामुळे कॉलेजच्या प्रशिक्षकांची नजर आणखी मोलाची.

मूल लहान असेल, पाया कच्चा असेल, तर शाळाच. उंची, कौशल्य दिसू लागलं असेल आणि कर्ज न काढता जमत असेल, तर शाळेची शेवटची दोन वर्षं क्लब. पैसे नसतील तर फीमाफी देणारा जवळचा क्लब आधी शोधा.